कोपरगावने येवल्याशी खेळायचं की जामखेडशी?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे खेळापुरते चार विभाग आहेत: पुणे शहर, पुणे जिल्हा, नाशिक आणि अहमदनगर. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, विभागाची हद्द मात्र तीच राहिली. पश्चिमेला अकोले, पूर्वेला जामखेड, एकूण चौदा तालुके आणि १७,०४८ चौरस किलोमीटर. राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. कॉलेज विद्यापीठाला संलग्न झालं की आपल्या विभागीय क्रीडा समितीच्या छताखाली आपोआप येतं. अर्ज करावा लागत नाही, कुणी निवडत नाही, आणि नकोसं झालं तरी दुसऱ्या विभागात जाता येत नाही.

दरवर्षी स्पर्धांचं वेळापत्रक आलं की जिल्ह्यातल्या जिमखान्यांमध्ये एक कुरबुर सुरू होते. लहान कॉलेजांनी आपापसात वेगळी लीग काढावी का, आणि काढली तर तिच्यात कुणाला घ्यावं? तो वाद इथे दोघांच्या तोंडी घातला आहे. दोघंही काल्पनिक आहेत, वाद खरा आहे. 'सर' म्हणजे नगर शहरातल्या मोठ्या कॉलेजातून निवृत्त झालेले शारीरिक शिक्षण संचालक; समितीच्या बैठकांमध्ये आयुष्य गेलेले. 'मॅडम' अकोले-संगमनेर पट्ट्यातल्या एका लहान कॉलेजात तासिका तत्त्वावर खेळ सांभाळतात, म्हणजे पगार तासांचा आणि जबाबदारी चोवीस तासांची. मधे मधे मीही बोलणार आहे. या वादात मी तटस्थ नाही.

मॅडम: सर, एकदा हिशोब ऐका. मुलींची कबड्डी जामखेडला पडली. आम्ही पहाटे चारला निघणार. दोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर. बारा मुली, मी, आणि पालकांची समजूत पटावी म्हणून बरोबर घेतलेली एखादी प्राध्यापिका. तिथे ड्रॉ निघणार, पहिल्याच फेरीत समोर नगरचा तयार संघ. पंधरा मिनिटं, मध्यंतर, पुन्हा पंधरा मिनिटं. झालं आमचं वर्ष.

सर: बाद पद्धत म्हटल्यावर कुणीतरी पहिल्या फेरीत जाणारच.

मॅडम: हरल्याचं नाही वाटत हो. बत्तीस संघ आले तर एकतीस सामने होतात, आणि सोळा संघ एकच सामना खेळून परतीची एसटी धरतात. निम्म्या मुलींनी वर्षभरात एकच सामना खेळायचा, तर त्या शिकणार कधी? आमच्या मुली मातीत सराव करतात. मॅटवर पहिला पाय पडतो तो थेट सामन्याच्या दिवशी. पायात मॅटचे बूटसुद्धा उसने घेतलेले असतात.

सर: मॅट घ्या म्हणावं संस्थेला.

मॅडम: संस्था म्हणते, आधी संघ पुढच्या फेरीत न्या.

सर: (हसून) हे मात्र तुमचं खरं. पण तुम्हाला विभाग हा जुलूम वाटतो, कारण तो नव्हता तेव्हाचं तुम्हाला माहीत नाही. १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळ्यांनी अहमदनगर कॉलेज काढलं तेव्हा जिल्ह्यातलं ते पहिलंच कॉलेज. प्रतिस्पर्धी शोधायचा तर जिल्ह्याबाहेरच. पुणे विद्यापीठ निघालं १९४९ ला. मग १९६० च्या सुमाराला श्रीरामपूर, संगमनेर, पुढे कर्जत, कोपरगाव. रयत, मराठा विद्या प्रसारक, प्रवरा अशा एकेका संस्थेने तालुक्यात कॉलेज नेलं. त्या सगळ्यांना एका दोरीत बांधलं कुणी? विभागाने. नाहीतर प्रत्येक संस्थेने आपल्याच कॉलेजांच्या स्पर्धा भरवल्या असत्या, आपल्याच अध्यक्षांच्या हस्ते आपल्याच पोरांना ढाली दिल्या असत्या. आपल्या जिल्ह्याचं राजकारण काय मी तुम्हाला सांगू? एका साखर कारखान्याच्या कॉलेजाची पोरं दुसऱ्या कारखान्याच्या मैदानावर खेळायला जातात, जेवतात, हरून येतात आणि कुणाला काही वाटत नाही. मला ही लहान गोष्ट वाटत नाही.

सरांचा हा मुद्दा सहसा कुणी मांडत नाही, म्हणून तो इथे पूर्ण येऊ दिला. आपोआप मिळणाऱ्या सदस्यत्वात एक समता असते. दोनशे विद्यार्थ्यांचं पाथर्डीकडचं कॉलेज असो की हजारोंचं नगरचं, प्रवेशिका एकेकच. कुणाला घ्यायचं हे मोठ्यांच्या मर्जीवर सोडलं असतं तर लहानांना दारातच थांबावं लागलं असतं.

मॅडम: तुम्ही कारखान्यांचा विषय काढलात म्हणून बोलते. मी ऊसवाल्याची मुलगी. आमच्या वडिलांना एकेकाळी झोनबंदी होती. ज्या कारखान्याच्या कार्यक्षेत्रात शेत, त्यालाच ऊस घालायचा. शेजारचा चार पैसे जास्त देत असला तरी. १९९७ ला ती उठली. उसाला मोकळीक मिळाली सर, आमच्या मुलींची झोनबंदी चालूच आहे. कोपरगावहून येवला पंचवीस-तीस किलोमीटर. पण येवला नाशिक विभागात. म्हणून कोपरगावने शंभर किलोमीटरवर नगरला यायचं, नाहीतर त्याहून पुढे जामखेडला. संगमनेरला सिन्नर जवळ, पारनेरला शिरूर जवळ. जामखेडवाल्यांचं तर आणखी गमतीचं: शेजारची आष्टी-पाटोद्याची कॉलेजं बीड जिल्ह्यात, म्हणजे मराठवाड्याच्या विद्यापीठात. त्यांच्याशी गाठ पडायची तर आधी पुणे विद्यापीठाच्या संघात निवड व्हावी लागते.

सर: आणि झोनबंदी उठल्यावर काय झालं तेही सांगा. उसाची पळवापळवी. ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे ऊस. तुम्ही विभागाच्या भिंती पाडा, उद्या कॉलेजं सोयीचे प्रतिस्पर्धी शोधत हिंडतील. अमेरिकेत नेमकं हेच झालंय. तिथे कॉलेजं आपल्या मर्जीने एकत्र येऊन संघ करतात, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. 'बिग टेन' नावाची एक आहे, १८९६ ची. नाव दहाचं, २०२४ पासून सभासद अठरा. लॉस एंजेलिसची पोरं पॅसिफिकच्या काठावरून उठून अटलांटिककडच्या न्यू जर्सीत सामन्याला जातात. का? टीव्हीचा पैसा. आणि ज्या 'पॅक ट्वेल्व्ह'मधून ही कॉलेजं फुटली, तिच्यात २०२४ च्या हंगामाला बारापैकी दोन उरली. घ्या मोकळीक!

मॅडम: ती मोठ्यांची गोष्ट झाली. लहानांचीही आहे. मिशिगन राज्यात लहान कॉलेजांनी १८८८ मध्ये एक संघ केला, तो आजही चालू आहे. अल्बियन आणि ऑलिव्हेट ही सुरुवातीची कॉलेजं आजही त्यात आहेत. आणि गंमत म्हणजे संस्थापकांत एक शेतकी कॉलेज होतं. ते वाढलं, मोठं झालं, १९०७ मध्ये बाहेर पडलं. आज ते मिशिगन स्टेट विद्यापीठ आहे, तुमच्या त्या बिग टेनमधलं. कुणी रडलं नाही. मोठा झालास, जा मोठ्यांत खेळ. राहिलेल्यांनी आपापसात खेळणं चालू ठेवलं. आज ज्या गटात ती कॉलेजं खेळतात, तिथे खेळासाठी म्हणून शिष्यवृत्ती देताच येत नाही. सर, हा एक नियम आपल्याकडे असता ना!

सर: म्हणजे?

मॅडम: म्हणजे तुम्हाला माहीत आहे. आमच्याकडे अकरावी-बारावीला चार वाजता उठून पळालेली मुलगी एफवायला दिसत नाही. कुठे गेली? मोठ्या कॉलेजात. वसतिगृह फुकट, फी माफ, किट मिळतं. तिचं चांगलं झालं, मी अडवणार नाही. पण पुढच्या वर्षी तीच मुलगी आमच्याविरुद्ध पहिल्या फेरीत उभी असते. आम्ही पेरायचं आणि आमच्याच अंगणात हरायचं.

सर थोडा वेळ बोलत नाहीत. या आरोपाला त्यांच्याकडे उत्तर नाही, आणि त्यांच्या जागी मी असतो तर माझ्याकडेही नसतं. चांगला खेळाडू चांगल्या सोयींकडे जातो, हे नगर जिल्ह्याला कुणी सांगायला नको. झहीर खान श्रीरामपूरचा; तो झहीर खान झाला मुंबईला गेल्यावर. अजिंक्य रहाणेचा जन्म संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा; त्याचं क्रिकेट डोंबिवली-मुंबईत घडलं. ही क्रिकेटची उदाहरणं, आणि ते दोघं कॉलेजच्या विभागीय स्पर्धेतून वर आलेले नाहीत. कबड्डी, खो-खो, कुस्ती, क्रॉसकंट्री खेळणाऱ्या मुलामुलींना मात्र कॉलेज हीच शिडी असते. त्यांच्यापैकी फार थोड्यांना मुंबई परवडते.

सर: पळवापळवी चुकीचीच. पण तुमची लीग ती थांबवणार नाही. तुमची लीग आणखी एक गोंधळ घालेल. आपल्याच जिल्ह्यातलं २०२५ चं साल आठवा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला नगरला महाराष्ट्र केसरी झाली, पृथ्वीराज मोहोळने गदा घेतली. मार्च संपताना कर्जतला पुन्हा महाराष्ट्र केसरी, तिथे वेताळ शेळके. एक जिल्हा, दोन महिने, दोन महाराष्ट्र केसरी! कारण संघटना दोन. दोघंही पैलवान तोलामोलाचे, पण गावातला साधा माणूस विचारतो, खरा कोण? तुम्ही दुसरी संस्था उभी करा, लगेच दुसरं अजिंक्यपद येईल, दुसऱ्या पदाधिकाऱ्यांचे फोटो येतील, मग कोर्ट.

मॅडम: आम्ही अजिंक्यपद कुठे मागतोय?

सर: आज नाही. तीन वर्षांनी मागाल. आणि मागितलं नाहीत तर पोरं विचारतील, मॅडम, हे प्रमाणपत्र चालतं का? चालत नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण तिथे प्रमाणपत्राची पडताळणी होते, स्पर्धा कुणाची, कुठल्या पातळीवरची, सगळं बघतात. आपली साखळी सरळ आहे. आंतरमहाविद्यालयीन, मग आंतरविभागीय, तिथून विद्यापीठाचा संघ, मग भारतीय विद्यापीठ संघाची पश्चिम विभागीय स्पर्धा, तिथले पहिले चार अखिल भारतीयला. पुढे खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा, २०२० पासूनची. यातली पहिली कडी म्हणजे आपला विभाग. पोरीला पोलीस भरतीला जायचं असेल तर ती तुमच्या लीगच्या ढालीचं काय करील?

माझ्या मते इथे सर शंभर टक्के बरोबर आहेत, आणि लीगच्या उत्साही पुरस्कर्त्यांनी हे कान उघडे ठेवून ऐकावं. ग्रामीण भागातली मुलगी खेळते तेव्हा घरचे त्यातून नोकरीची वाट शोधत असतात. त्यात कमीपणा काही नाही. जी स्पर्धा या साखळीबाहेर आहे तिने आपण साखळीत असल्याचा आव आणणं म्हणजे त्या घराची फसवणूक.

पण सरांच्या बोलण्यात एक गृहीत दडलेलं आहे. जिथे निवड होते तिथेच खेळही व्हायला हवा, असं ते धरून चालतात. विभागीय स्पर्धेचं काम विद्यापीठासाठी खेळाडू वेचणं. ते काम ती तीन-चार दिवसांत उरकते, कारण यजमान कॉलेजाला तेवढंच परवडतं. वेचण्याआधी खेळाडू तयार कुठे व्हायचे, हा प्रश्न समितीच्या कामात बसतच नाही. मॅडम मागतायत ते तयार होण्याचं मैदान. सर राखतायत ते निवडीचं दार. दोघं भांडतायत मात्र एकाच गोष्टीवर असल्यासारखे.

मॅडम: बरं, प्रमाणपत्र देत नाही. ढालही नाही. मग तुमची हरकत काय?

सर: हरकत नाही, शंका आहे. कोण कोण घेणार?

मॅडम: अकोले, संगमनेर, राहाता, कोपरगाव. शिवाय येवला आणि सिन्नर.

सर: नाशिक विभागातले दोन?

मॅडम: मैत्रीपूर्ण सामन्याला विभाग आडवा येतो का?

सर: नाही येत. प्राचार्यांची परवानगी, मुलांचा विमा, पालकांची संमतिपत्रं, एवढं असलं की पुरे. पण सहाच का?

मॅडम: सहा संघ एकमेकांशी एकदा खेळले की पंधरा सामने होतात आणि प्रत्येकाला पाच मिळतात. आज एक मिळतो. शिवाय सकाळी निघून संध्याकाळी घरी. मुक्काम नाही. सर, मुक्काम नाही हे एवढं ऐकलं तरी निम्मे पालक तयार होतात. तुम्ही मुलांचे संघ नेलेत, तुम्हाला हे सांगून कळणार नाही.

सर: लोणीवाले?

मॅडम: आले तर घेऊ. पण तिथलं त्रांगडं तुम्हाला माहीत आहे. त्या परिसरातली इंजिनिअरिंग, कला-वाणिज्यची कॉलेजं पुणे विद्यापीठाची, आणि मेडिकल अभिमत विद्यापीठाचं. एका रस्त्यावरची पोरं एकमेकांशी अधिकृत सामना खेळू शकत नाहीत. राहुरीला शेतकी पोरांचं तसंच. त्यांचं विद्यापीठ वेगळं, त्यांच्या स्पर्धा वेगळ्या. मला तर शेतकी कॉलेजच्या मुलीही हव्यात.

सर: घ्या, पण आकड्यावर ताबा ठेवा. आज सहा, उद्या सोळा झाले की तुमचाही विभागच होईल, आणि तुमच्याही मुली पहाटे चारला निघतील. दुसरं, पावसाळ्यात काढू नका. अकोल्याच्या पावसात कसली कबड्डी? शिवाय ऑगस्टपर्यंत प्रवेशच संपत नाहीत, संघ कुठून आणाल? जानेवारी-फेब्रुवारी धरा. विभागीय स्पर्धा उरकलेल्या असतात, मैदानं मोकळी असतात, परीक्षा लांब असते.

मॅडम: जानेवारीत खेळून ऑगस्ट-सप्टेंबरच्या स्पर्धेला काय उपयोग?

सर: एफवायची मुलगी एसवायला येते तेव्हा पाच सामने खेळलेली असते. एका वर्षात फळ मागू नका. आणि मॅट एकच घ्या, सहा कॉलेजांत मिळून. फिरवत न्या.

मॅडम: आणि फी माफ करून आणलेली खेळाडू चालणार नाही, असा नियम?

सर: तो नियम कागदावर टिकणार नाही. गरीब मुलीची फी माफ केली तर ती खेळासाठी की गरिबीसाठी, कोण ठरवणार? अमेरिकेत त्याला यंत्रणा आहे. इथे तुम्ही एकमेकांच्या प्रवेशअर्जांत डोकावत बसाल. त्यापेक्षा असं करा, बारावी ज्या कॉलेजात केली तिथेच किंवा त्याच तालुक्यात पुढे शिकणारी मुलगीच लीग खेळेल.

मॅडम: मग लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेली मुलगी? तीही शिकतेय माझ्याकडे. दोन आहेत.

सर: ...तिच्यासाठी अपवाद लिहा.

मॅडम: बघा, घटना लिहायला लागलात तुम्ही.

सर: मी काही लिहिलं नाही. मी अजूनही म्हणतो, विभागात सुधारणा मागा. जिल्ह्याचे उत्तर-दक्षिण दोन गट पाडा, गटात साखळी, मग बाद. समितीच्या बैठकीत ठराव मांडा.

मॅडम: मी तासिका तत्त्वावर आहे सर. बैठकीत माझ्या ठरावाला अनुमोदन कोण देणार?

यावर सरांनी आपण बोलू, एवढंच म्हटलं. बैठकीत ते आता बसत नाहीत.

दोघांचं एकमत मी मुद्दाम घडवून आणलेलं नाही, कारण प्रत्यक्षातही ते होत नाही. सर विभागाला संस्था म्हणून जपतात. मॅडमना तो अंतर म्हणून दिसतो. मला विचाराल तर विभाग मोडू नये. निवड, प्रमाणपत्र, विद्यापीठाचा संघ हे सगळं त्याच्याकडेच राहू द्यावं. त्यात दुसरा दावेदार आला की नगर-कर्जतसारखं होईल. उत्तर-दक्षिण गटांची सरांची सूचना तर ताबडतोब अमलात यावी. तिला पैसा फारसा लागत नाही, आणि दोनशे किलोमीटरचा प्रवास निम्म्यावर येतो. मात्र तिच्यासाठी लीगने थांबू नये. विद्यापीठाची सुधारणा समितीतून, मंडळातून, परिपत्रकातून येते. दरम्यान मुलींची तीन वर्षं संपतात.

सदस्यत्वाचा प्रश्न मला खुद्द लीगपेक्षा महत्त्वाचा वाटतो. संलग्नतेने मिळणारं सदस्यत्व कुणाला वगळत नाही, पण कुणाची सोयही बघत नाही. मर्जीने घेतलेलं सदस्यत्व सोय बघतं आणि हळूहळू आपल्यासारखेच शोधू लागतं. म्हणून अशा लीगची एक अट आधीच ठरलेली बरी. अंतराच्या हद्दीत बसणारं कुठलंही कॉलेज, कुठल्याही संस्थेचं, कुठल्याही विद्यापीठाचं, मागेल तेव्हा आत यावं. आकडा वाढला तर लीगचे दोन भाग करावेत, दार बंद करू नये. सरांना आकड्याची भीती आहे, मला दार बंद होण्याची जास्त आहे.

खर्चाचं म्हणाल तर तो प्राचार्यांच्या हातात आहे. विद्यार्थ्यांकडून क्रीडा शुल्क घेतलं जातंच. त्यातून पाच दिवसांची गाडी आणि मॅटचा सहावा हिस्सा काढता यावा. कोपरगाव, येवला, संगमनेर, सिन्नर, राहाता आणि अकोल्याच्या प्राचार्यांना एवढीच विनंती: दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा एकत्र बसा, जानेवारी-फेब्रुवारीतले पाच शनिवार मुलींच्या कबड्डीसाठी राखून ठेवा, आणि त्या बैठकीला तासिका तत्त्वावरच्या मॅडमनाही बोलवा.